जिल्हा मल्लखांब संघटनेच्या सभासदांना खुलं पत्र

प्रति,
कार्यकारिणीचे सन्माननीय सदस्य
आणि संलग्न संस्थांचे सर्व प्रतिनिधी,
जिल्हा मल्लखांब संघटना

विषय : सचिवपदाच्या निवडणुकीतली पाच वर्षांची अट मागे घेण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

पंधरा दिवसांपूर्वी मी सचिवपदाच्या निवडणुकीचा अर्ज घ्यायला संघटनेच्या कार्यालयात गेले होते. अर्ज मिळाला नाही. त्याऐवजी एका ठरावाची झेरॉक्स हातात ठेवण्यात आली. 'अध्यक्ष, सचिव व खजिनदार या पदांसाठी उमेदवाराने कार्यकारिणीवर सलग पाच वर्षे काम केलेले असणे आवश्यक राहील.' खाली तारीख होती. निवडणुकीची नोटीस निघाली त्याच्या नऊ दिवस आधीची.

आपल्या कार्यकारिणीवर आजवर एकही बाई बसलेली नाही. गेल्या काही वर्षांत तालुक्यांतून ज्या सात नव्या संस्था उभ्या राहिल्या, त्यांचाही एक माणूस तिथे नाही. ठरावात कुणाचं नाव घेतलेलं नाही हे खरं. पण आज कार्यकारिणीवर असलेले अकरा जण सोडले, तर अख्ख्या जिल्ह्यात अर्ज भरू शकेल असं माणूस उरत नाही.

मी आधी दोन पत्रं दिली. पोच मिळाली, उत्तर आलं नाही. तिघा सदस्यांना त्यांच्या घरी जाऊन भेटले. तिघांनीही चहा दिला, आपुलकीनं बोलले आणि शेवटी एकच सांगितलं, 'ताई, या वेळी राहू द्या, पुढच्या वेळी तुमचा विचार करू.' पुढची वेळ चार वर्षांनी येणार. आज माझ्याकडे चौथीत असलेल्या मुली तेव्हा आठवीत असतील. आज दहावीत असलेल्या खेळ सोडून गेलेल्या असतील. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. जिल्ह्याचं आणि कुणा व्यक्तीचं नाव मुद्दाम घातलेलं नाही. ज्यांच्यासाठी लिहिलंय त्यांना ते कळेल. माझा कुणा माणसाशी वाद नाही.

मी कोण, हे नव्या संस्थांच्या प्रतिनिधींना कदाचित माहीत नसेल. आठ वर्षांची असताना तालमीच्या मागच्या अंगणात मी पहिल्यांदा दोरीला हात लावला. त्या काळी आमच्याकडे मुलींना लाकडी मल्लखांब शिकवत नसत. मुलगे पुढे कुस्तीच्या हौद्याशेजारी पुरलेल्या खांबावर आणि आम्ही पाच-सहा जणी मागे, पत्र्याच्या शेडच्या तुळईला टांगलेल्या दोरीवर. पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या चिमटीत दोरी धरून वर चढायचं. पहिले कित्येक दिवस बोटांच्या बेचक्यातली कातडी सोलून निघायची, मांड्यांवर दोरीचे वळ उठायचे. आई रात्री खोबरेल लावताना म्हणायची, उद्या जाऊ नकोस. मी जायचे. दोरीवर पद्मासन घालून पहिल्यांदा स्थिर बसले, त्या दिवशी खाली उभे असलेले सर 'शाबास' म्हणाले होते, आणि तो शब्द मला पुन्हा ऐकायचा होता.

ते सर म्हणजे आपले आत्ताचे सचिव. गेली तेवीस वर्षं ते या पदावर आहेत. संघटनेकडे पैसा नव्हता त्या दिवसांत त्यांनी लाकडी खांब एसटीच्या टपावर बांधून गावोगावी नेलेला मी पाहिला आहे. राज्य स्पर्धेला जाताना माझ्या वडिलांकडे प्रवासाचे पैसे नव्हते, ते सरांनी स्वतःच्या पगारातून भरले. ही गोष्ट मी आजपर्यंत जाहीरपणे कुठे सांगितली नव्हती. आज सांगते, कारण गेल्या पंधरा दिवसांत मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न आहे, 'सरांच्या विरोधात उभी राहतेस?' मी सचिवपदासाठी उभी राहते आहे. सरांनी शिकवलेल्या मुलीला वाटतंय की आता हे काम आपण करू शकतो, सरांनी आपल्याला तेवढं तयार केलंय. हेच मी त्यांना समोर बसून सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, 'कमिटी ठरवेल.'

लग्नानंतर काही वर्षं माझा खेळ सुटला. २०१४ साली तालुक्याला परत आले आणि जिल्हा परिषदेच्या शाळेमागे एका शेडमध्ये केंद्र सुरू केलं. आज तिथे त्रेसष्ट मुलं येतात, त्यांत एकेचाळीस मुली. बहुतेक शेतकऱ्यांच्या आणि ऊसतोड मजुरांच्या घरच्या. हंगामात निम्मी मुलं कारखान्यावर जातात आणि परत येतात तेव्हा बगली, दसरंग हे डाव सगळे पुन्हा पहिल्यापासून घ्यावं लागतं. तरी येतात.

आता खेळाबद्दल थोडं बोलते. हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे, पण कार्यकारिणीच्या कारभारात ते कुठे दिसत नाही.

दुसऱ्या बाजीरावांच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी हा व्यायाम पुन्हा उभा केला. सप्तशृंगीच्या गडावर त्यांनी केलेल्या उपासनेची कथा आपण प्रत्येक नव्या मुलाला सांगतो. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानं बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी व्यायामप्रकार दाखवले. १९८१ मध्ये मल्लखांबाची राष्ट्रीय संघटना झाली. मग बरीच वर्षं आपण राज्य स्पर्धा, राष्ट्रीय स्पर्धा, गणेशोत्सवातली आणि शिवजयंतीची प्रात्यक्षिकं एवढ्यात समाधानी होतो. गेल्या दहा-बारा वर्षांत मात्र चित्र बदललं. २०१३ मध्ये मध्य प्रदेशानं मल्लखांबाला राज्याचा खेळ म्हणून मान दिला. २०१९ च्या फेब्रुवारीत शिवाजी पार्कवर पहिली जागतिक स्पर्धा झाली, पंधरा देशांचे खेळाडू आले. मी माझ्या अकरा मुलींना घेऊन गेले होते. परदेशी बाई दोरीवर चढताना बघून माझी एक मुलगी म्हणाली, 'बाई, यांच्या पायालापण आपल्यासारखेच घट्टे आहेत.' पुढे खेलो इंडिया युवा स्पर्धेत मल्लखांब आला, २०२२ ला गुजरातच्या आणि २०२३ ला गोव्याच्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत आला. मल्लखांबपटू सागर ओव्हळकरला अर्जुन पुरस्कार मिळाला. २०२४ मध्ये मल्लखांबाचे प्रशिक्षक उदय देशपांडे सरांना पद्मश्री मिळाली, तेव्हा आमच्या शेडमध्ये मुलांनी स्वतः वर्गणी काढून पेढे वाटले.

या वाढीचा कारभाराशी थेट संबंध आहे. पूर्वी मल्लखांबातून कुणाला काही मिळत नव्हतं. एका वहीत नावं लिहून, एका माणसाच्या आठवणीवर संघटना चालत होती आणि त्यानं कुणाचं फारसं बिघडत नव्हतं. आज संघटनेच्या सहीवर दहावीचे वाढीव गुण अवलंबून असतात. शासकीय नोकरीतलं खेळाडूंचं पाच टक्के आरक्षण अवलंबून असतं. राज्याच्या निवड चाचणीत कोण जाणार हे अवलंबून असतं. खेळ अंगणातून बाहेर पडला आणि संघटना अजून अंगणातच आहे, हे माझं पहिलं आणि शेवटचं म्हणणं. बाकी सगळं त्यातूनच येतं.

आता तक्रारी. प्रत्येक गोष्ट मी स्वतः पाहिलेली आहे. ऐकीव काही लिहिलेलं नाही.

पहिली, पाच वर्षांच्या अटीची. आपल्या घटनेप्रमाणे निवडणुकीच्या नियमात बदल करायचा तर सर्वसाधारण सभा बोलवावी लागते, सभेची नोटीस आणि विषय सभासदांना आधी कळवावे लागतात. हा ठराव कार्यकारिणीनं बैठकीत 'आयत्या वेळचे विषय' मध्ये केला. अनुभवी माणूस पदावर असावा ही अपेक्षा मला मान्य आहे. मग अनुभव कशाचा हवा ते ठरवा. पंचाची परीक्षा, प्रशिक्षणाची वर्षं, स्पर्धा भरवल्याचा अनुभव, काहीही धरा. जिथे आम्हाला कधी घेतलंच नाही, तिथे पाच वर्षं बसल्याचा पुरावा आमच्याकडे मागू नका.

दुसरी, तात्पुरत्या संलग्नतेची. माझी संस्था आणि आणखी सहा संस्था गेली कित्येक वर्षं 'तात्पुरत्या संलग्न' आहेत. आम्ही प्रवेश फी भरतो, वार्षिक वर्गणी भरतो, स्पर्धेला मुलं आणतो, गाद्या वाहायला आणि जेवण वाढायला माणसं देतो. मतदार यादीत आम्ही नाही. कायम संलग्नतेचा अर्ज मी तीन वेळा दिला. पहिल्या वेळी सांगितलं, मुलं कमी आहेत. दुसऱ्या वेळी, स्वतःची जागा नाही. तिसऱ्या वेळी काहीच सांगितलं नाही. गेल्या जिल्हा स्पर्धेत उतरलेल्या मुलांपैकी निम्म्याहून जास्त या सात संस्थांची होती. चिठ्ठ्या फाडायला टेबलावर मीच बसले होते, म्हणून आकडा माहीत आहे.

तिसरी तक्रार लिहायला मला फार जड जातं, पण ती लिहिल्याशिवाय हे पत्र खोटं ठरेल.

दोन वर्षांपूर्वीच्या जिल्हा निवड चाचणीला एकच दोरी होती. सकाळी नऊपासून सगळे गट तिच्यावरच खेळत होते, आधी मुलगे, मग मुली. वर कडीजवळ दोरीचा एक पदर विरलेला होता. खाली दोन गाद्या होत्या, दोन्ही जुन्या, दबलेल्या, आणि त्यांच्यामध्ये वीतभर फट. सकाळी मुलांचा सराव घेताना मी दोरी ओढून पाहिली होती. तो विरलेला पदर मला दिसला होता. गाद्यांमधली फटही दिसली होती. मी एका पंचांच्या कानावर घातलं, त्यांनी 'बघू' म्हटलं आणि मी पुढे बोलले नाही. का नाही बोलले? त्याच महिन्यात माझा कायम संलग्नतेचा तिसरा अर्ज कार्यकारिणीपुढे होता. स्पर्धा थांबवणारी बाई म्हणून माझं नाव झालं तर अर्ज पुन्हा बारगळेल, असं माझ्या मनात आलं. खरं कारण तेच होतं.

दुपारी तीनच्या सुमाराला माझ्याकडे शिकणारी सहावीतली एक मुलगी दोरीवर तिचा सेट, म्हणजे ठरलेल्या डावांचा क्रम, करत होती. आसनं सुंदर झाली, हात-पाय एकदम ताठ. वरून फिरत खाली येताना दोरीला हिसका बसला, तिची पकड सुटली आणि ती त्या फटीवर पडली. उजवं मनगट मोडलं. दवाखान्यात नेताना ती रडत नव्हती, विचारत होती, 'बाई, माझा सेट पूर्ण धरतील का?' कार्यकारिणीच्या पुढच्या बैठकीच्या इतिवृत्तात या अपघाताची एक ओळसुद्धा नाही. मी विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, खेळ म्हटला की पडणं आलंच. पडणं येतं हे मलाही माहीत आहे, माझं खांद्याचं हाड दोनदा सरकलंय. पण विरलेली दोरी उतरवून ठेवणं आणि गाद्या जोडून बांधणं याला पाच मिनिटं लागतात. ती पाच मिनिटं मी मागितली नाहीत. ज्याला मत नाही तो माणूस असा गप्प बसायला शिकतो आणि त्याची किंमत अकरा वर्षांच्या पोरीनं मोजली. या निवडणुकीला उभं राहायचं मी त्या दिवशी दवाखान्यातच ठरवलं.

ती मुलगी परत खेळते आहे. तिचा डावा हात आता उजव्यापेक्षा पक्का झालाय.

चौथी तक्रार मुलींच्या पुरलेल्या मल्लखांबाची. खेलो इंडियात मुली खांबावर खेळतात, राष्ट्रीय स्पर्धेत खेळतात. आपल्या जिल्हा चाचणीत मुलींसाठी अजूनही फक्त दोरी आहे. कारण विचारलं की 'पंच नाहीत' किंवा 'वेळ पुरत नाही'. परिणाम असा होतो की जिल्ह्याकडून मुलींच्या खांबाच्या गटात नावंच जात नाहीत. माझ्याकडच्या चौघी जणी रोज सकाळी एरंडेल चोळून खांबावर तेढीचा डाव मारतात, खांबाच्या टोकावरच्या बोंडावर उभ्या राहून सलामी देतात. त्यांना कुठल्या चाचणीला नेऊ, ते मला सांगा. पंच नसतील तर तयार करू. जिल्ह्यात माझ्यासारख्या निदान सात-आठ जुन्या खेळाडू बायका आहेत, ज्यांना गुणदान कळतं. त्यांतल्या एकीलाही आजवर पंचांच्या शिबिराचं पत्र गेलेलं नाही.

पाचवी, प्रमाणपत्रांची. माझा एक जुना विद्यार्थी पोलीस भरतीला उतरला. क्रीडा प्रमाणपत्र पडताळणीला गेलं, तेव्हा त्या स्पर्धेचं रेकॉर्ड मागितलं गेलं. २०१७ च्या जिल्हा स्पर्धेची गुणपत्रकं आणि सहभागाची यादी संघटनेकडे सापडली नाही. पोरगा खरोखर खेळला होता, तिसरा आला होता, मी तिथे होते. पण कागद नाही म्हणजे खेळ नाही. त्याची ती भरती गेली. पुढच्या वर्षी त्याचं वय बसलं नाही. आता तो एका गोदामात कामाला आहे आणि दर दसऱ्याला शेडमध्ये येऊन खांबाची पूजा करून जातो. खोट्या प्रमाणपत्रांमुळे सरकारी कार्यालयं सगळ्याच खेळांकडे संशयानं पाहतात, अशा दिवसांत खऱ्या खेळाडूचा कागद सांभाळणं हे सचिवाचं पहिलं काम आहे, असं मी मानते.

हिशेबाबद्दल थोडक्यात. संघटना सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली आहे, लेखापरीक्षण होतं, कागद धर्मादाय कार्यालयात जातात, हे मी तपासलं आहे. कुणी पैसे खाल्ले असं माझं म्हणणं नाही आणि तसं कुणी माझ्या नावानं पसरवू नये. माझं म्हणणं एवढंच की प्रवेश फीचं काय झालं, गाद्यांसाठी आलेल्या देणगीचं काय झालं, हे वर्गणी भरणाऱ्या संस्थांना सभेत वाचून दाखवा.

मुलींच्या प्रवासाबद्दलही लिहायलाच हवं. राज्य स्पर्धेला जाणाऱ्या संघाबरोबर गेल्या तीनपैकी दोन वर्षी एकही बाई व्यवस्थापक नव्हती. मुली रात्रीच्या गाडीनं गेल्या, शाळेच्या वर्गखोल्यांत राहिल्या. वाईट काही घडलं नाही. पण घडलं असतं तर मुलीनं कुणाला सांगायचं होतं? तक्रार घ्यायला संघटनेत कुणी नेमलेलं नाही. दोन पालकांनी या कारणानं मुलींना पाठवलं नाही आणि त्या घरी बसल्या. त्यातल्या एकीचा निवडीत पहिला नंबर होता.

काही ज्येष्ठ सदस्य म्हणतात, बायका आल्या की राजकारण येतं. मी त्यांना आदरानं सांगते, ज्या खेळात झाशीच्या राणीच्या सरावाची आठवण आपण अभिमानानं भाषणात काढतो, त्या खेळाच्या कार्यकारिणीत बाई नको असेल तर ती आठवण काढू नये. देशात आता कायदाही त्याच दिशेनं गेला आहे. २०२५ मध्ये संसदेनं क्रीडा संघटनांच्या कारभारासाठी कायदा केला. त्यात राष्ट्रीय संघटनेच्या कार्यकारिणीत निदान चार महिला हव्यात आणि नामवंत खेळाडूंना जागा हवी असं म्हटलं आहे. तो राष्ट्रीय पातळीसाठी आहे, जिल्ह्याला थेट लागू नाही, हे मला माहीत आहे. पण वर जे होणार ते खाली येणार. आपण आपणहून केलं तर त्यात मोठेपणा आहे.

माझ्या मागण्या अशा.

पाच वर्षांच्या अटीचा ठराव या निवडणुकीपुरता स्थगित करा. तो योग्य वाटत असेल तर पुढच्या सर्वसाधारण सभेत रीतसर नोटीस देऊन मांडा. सभेनं मंजूर केला तर मी तो मान्य करीन.

तीन वर्षांहून जास्त काळ स्पर्धेत मुलं उतरवणाऱ्या सातही संस्थांना कायम संलग्नता द्या आणि मतदार यादीत घ्या. यादी मतदानाच्या आधी प्रत्येक संस्थेला पाठवा.

येत्या जिल्हा चाचणीत मुलींचा पुरलेला मल्लखांब घ्या. लहान गटाला लागणारा कमी घेराचा खांब आमच्या केंद्राकडे आहे, तो मी माझ्या खर्चानं आणून पुरून देते.

स्पर्धा सुरू होण्यापूर्वी दोरी, कडी, खांब आणि गाद्या तपासून दोन माणसांनी सही करायची, त्यातला एक माणूस कार्यकारिणीबाहेरचा. सही नाही तर स्पर्धा नाही.

गुणपत्रकांचे फोटो त्याच दिवशी सगळ्या संस्थांना पाठवा, मूळ प्रती क्रमांक घालून ठेवा. २०१७ पासूनचं जे रेकॉर्ड हरवलं आहे ते पंचांच्या आणि संस्थांच्या कागदांवरून पुन्हा जमवायला एक समिती नेमा. माझ्याकडच्या वह्या मी द्यायला तयार आहे.

मुली असलेल्या प्रत्येक संघाबरोबर एक बाई जाईल, हा नियम करा. खर्च नसेल तर सांगा, आम्ही पाळीपाळीनं स्वतःच्या तिकिटानं जाऊ.

आणि मला निवडून दिलंत तर काय, हेही लिहून ठेवते, म्हणजे चार वर्षांनी मला विचारता येईल. मी एकच मुदत काम करीन. दुसऱ्यांदा उभी राहणार नाही. त्या चार वर्षांत माझ्या केंद्राच्या मुलांच्या निवड चाचणीत मी पंच म्हणून किंवा निवड समितीवर बसणार नाही. दर वर्षाचा हिशेब सभेच्या आधी पंधरा दिवस प्रत्येक संस्थेच्या हातात असेल. आणि सरांना मानाचं मार्गदर्शक पद द्यावं, असा पहिला ठराव मीच मांडीन. त्यांच्याकडे खेळातलं जे ज्ञान आहे ते माझ्याकडे नाही, जिल्ह्यात कुणाकडेच नाही. नकीकसची पकड त्यांनी हात धरून शिकवावी तशी मला अजून शिकवता येत नाही.

काही हितचिंतकांनी सुचवलं की निवडणूक होऊ द्या आणि मग नव्या पदाधिकाऱ्यांच्या नोंदीसाठी जाणाऱ्या बदल अहवालावर धर्मादाय आयुक्तांकडे हरकत घ्या. तो हक्क मला आहे. पण अशा हरकतींनी वर्षानुवर्षं अडकून पडलेल्या संस्था आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. कोण खरा सचिव हेच ठरत नाही, बँक सही घेत नाही, मुलांचे अर्ज पडून राहतात. मला खुर्ची मिळाली नाही तरी चालेल, पण माझ्यामुळे एकाही मुलाचं प्रमाणपत्र अडकलेलं मला चालणार नाही. म्हणून ही गोष्ट आपण आपसातच नीट करावी, अशी विनंती करते आहे. कार्यकारिणीच्या एका बैठकीत हे होऊ शकतं. ठराव ज्या बैठकीत झाला ती चाळीस मिनिटांत संपली होती.

मतदार असलेल्या जुन्या संस्थांना एक वेगळी विनंती. तुमच्यापैकी बऱ्याच जणांबरोबर मी खेळले आहे. एकाच सतरंजीवर झोपून आपण राज्य स्पर्धेला गेलो आहोत, एकमेकांच्या हाताला राळ लावून दिली आहे. मला मत देऊ नये असं वाटत असेल तर देऊ नका, मी पुढच्या रविवारी तुमच्या स्पर्धेला गाद्या उचलायला येईनच. पण माझा अर्ज घेतला जावा, यासाठी कार्यकारिणीला दोन ओळींचं पत्र द्या. तेवढंच मागते आहे.

अर्ज भरायची शेवटची तारीख २२ आहे. त्या दिवशी सकाळी दहा वाजता मी कार्यालयात येईन. छापील अर्ज देणार नसाल तर साध्या कागदावर लिहिलेला आणेन, सूचक आणि अनुमोदक यांच्या सह्यांसकट. दोघेही कायम संलग्न संस्थांचे प्रतिनिधी आहेत आणि त्यांनी विचार करून सही केली आहे. अर्ज घ्या आणि पोच द्या. नाकारायचा असेल तर कारण लिहून द्या. मी बाराच्या एसटीनं परत जाणार आहे, साडेचारला मुलींचा सराव असतो.

आपली नम्र,
दोरीच्या मल्लखांबाची माजी राज्य खेळाडू, तालुका केंद्राची प्रशिक्षक
आणि सचिवपदाची उमेदवार